जितं लोखंड आणि माझा उजवा हात

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या आमच्या दुकानात मेलं लोखंड पुढे आणि जितं लोखंड मागे, अशी मांडणी आहे. पुढे खिळे, बिजागऱ्या, कुलपं, साखळ्या, पंपाचे पाइप, सगळं नेहमीचं. मागच्या खोलीत मेणकापडाखाली गड्डा. गिऱ्हाईक आत आलं की आधी पुढचाच माल चाळवत बसतं आणि मग आवाज खाली आणून विचारतं, "जीवद कब्बिण ऐतेनरी?" म्हणजे जितं लोखंड आहे का. जणू चोरीचा माल मागतोय. यात लपवण्यासारखं काही नाही, पण जिवंत वस्तू विकत घ्यायची म्हटलं की माणूस जरा ओशाळतोच.

ज्यांच्या गावात हा माल मिळत नाही त्यांच्यासाठी सांगते. जितं लोखंड वाढतं, सावकाश, आल्याच्या कंदासारखं. ओरखडा पडला तर भरून काढतं. त्याच्या फाळाला धार लावावी लागत नाही, त्याची बिजागरी कुरकुरत नाही. हुबळीतल्या बऱ्याच रिक्षांचे पत्रे जिते आहेत. सकाळी हातगाडी लागून पडलेला पोचा संध्याकाळपर्यंत आपोआप वर येतो आणि भांडण कशावरून झालं याचा पुरावाच राहत नाही. दवाखान्यात मोडलेल्या हाडाला जितं तांबं बांधतात. हाड सांधलं की ते आपणहून सुटतं. तांबं समजूतदार आहे. लोखंड धरून ठेवतं.

आमचा गड्डा मोठ्या भोपळ्याएवढा आहे, काळा, खालून जमिनीत गेलेला. नवऱ्याचे पणजोबा कोल्हापूरकडून इथे दुकान टाकायला आले, तेव्हा त्यांनी तो बळ्ळारीकडच्या डोंगरातून आणला. टोपलीत मावत होता म्हणे. आता त्याची मुळं फरशीखाली कुठवर गेलीत ते कुणाला माहीत नाही आणि खणून बघायची कुणाची छाती नाही. याचे तुकडे कापून आमचा धंदा चालतो. तो तुकडा सुखासुखी देतो, पण ओळखीच्या हातालाच. एखादी म्हैस एकाच बाईच्या हातावर असते, दुसरं कुणी धार काढायला बसलं की लाथ मारते, तशातला प्रकार. दुकान उघडताना, दुपारी आणि दिवेलागणीला त्या हाताने त्याला एरंडेल चोळायचं, कानशीचा कीस भरवायचा आणि तो कोमट होईपर्यंत वर तळवा ठेवून बसायचं. एका वेळी एकच हात. लग्न झाल्यापासून तो हात माझा आहे.

मी गडहिंग्लजची. गणित घेऊन बी.एस्सी. केलं, वर बी.एड. हे स्थळ आलं तेव्हा लोखंडाच्या दुकानात मला काडीचा रस नव्हता. पण मुलगा धारवाडला एका ऑफिसात होता आणि पहिल्याच भेटीत म्हणाला की आपण धारवाडातच मळमड्डीत भाड्याने घर घेऊ, तिथे शाळा भरपूर आहेत, तुला नोकरी लागेल. साखरपुड्यानंतर त्याने मला ती वस्ती दाखवूनही आणली. कौलारू बैठी घरं, फाटकावर मधुमालती, पेपरात डोकं घालून बसलेले पेन्शनर मास्तर, शाळा सुटल्यावर रस्त्यात सायकलींची झुंबड. मला माणसापेक्षा मळमड्डीच जास्त आवडली, असं मी तेव्हा मैत्रिणीला सांगितलं होतं. ती हसली. मी गंमत करत नव्हते.

या घरात नवी सून पहिला उंबरठा ओलांडते तो दुकानाचा. ताटात कालवलेल्या हळदीत उजवा तळवा बुडवायचा आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर उमटवायचा, अशी रीत. त्या दिवशी खोलीत अंधार, दारात पाहुण्यांची गर्दी, माझा पदर नाकापर्यंत ओढलेला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. आमच्यात त्यांना आत्ती म्हणतात. आत्ती म्हणाल्या, "इथं ठेव." मी ठेवला. भिंत गार लागायला हवी होती. हाताखाली काहीतरी कोमट होतं, आणि ते हललं.

मेणकापड बाजूला सरकलेलं होतं. सासरे धावत आले, पण उशीर झाला होता. कुणीतरी म्हणालं की लक्ष्मीनेच हात मागून घेतला, शुभ आहे, आणि बाकीच्यांनी ते उचलून धरलं. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी आत्तींनी नेहमीसारखं एरंडेल लावलं तर गड्ड्याने ते घेतलंच नाही, थेंब थेंब फरशीवर ओघळत राहिलं. माझा तळवा टेकला आणि सगळं जिरलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी तर न बघताच दाखवला होता.

पुढे काही दिवस सासऱ्यांनी, नवऱ्याने, धाकट्या दिराने, एकेकाने हात ठेवून पाहिला. गड्ड्याने कुणालाच भीक घातली नाही. शेवटी सासऱ्यांनी जाहीर केलं की याला बाईचाच हात लागतो, घरात पहिल्यापासून असंच आहे. मळमड्डीचं घर पुढच्या वर्षी बघू असं ठरलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी.

तरीही मी एकदा मुलाखतीला गेलेच. मळमड्डीतल्याच एका शाळेत. सकाळची सेवा उरकली, दुपारपर्यंत येते म्हणून सांगितलं आणि बस धरली. मुख्याध्यापिकाबाईंना माझं बोलणं आवडलं. मुलांना अपूर्णांकांची भीती का वाटते यावर आम्ही दोघी रंगून गेलो आणि दुपार टळली. पर्समध्ये फोन थरथरायला लागला. गड्ड्यापासून तोडलेला प्रत्येक तुकडा आतून गड्ड्याशीच बांधलेला राहतो, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बाजारातली निम्मी शटरं आमच्या लोखंडाची. जेवणासाठी अर्धी खाली ओढलेली ती सगळी होती तिथेच आखडली होती. "अक्का, एल्लि अदीरी?" कापडवाला विचारत होता, कुठे आहात. मग धान्यवाला. मग भांडीवाला. एक सोनार शटराखालून बाहेर येताना मध्येच अडकला होता आणि रस्त्यावरून त्याचे फक्त पाय दिसत होते.

मी मुलाखत अर्धी टाकून निघाले. गल्लीत शिरले तर हातगाडीवाल्यांनी गाड्या बाजूला घेऊन मला वाट करून दिली. मी आत गेले, तळवा टेकला, आणि सबंध बाजारात शटरं खडाखड वर गेली. लोकांना बरं वाटलं असणार. मला रडू आलं आणि रागही आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. लोखंडावर रागावून करणार काय?

तेव्हापासून बाजाराला माझी सगळी खबर असते. मला ताप आला की कड्या कुरकुरतात. मी नवऱ्याशी भांडले की सकाळी कुलपं आढेवेढे घेतात, आणि समोरचा भजीवाला मिरच्या पिठात घोळवता घोळवता विचारतो, "काल काय झालं काय हो, वैनी?" बेळगावच्या दवाखान्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुपारची सेवा करून गेले, तिच्या उशाशी बसून एक चहा प्यायले आणि दिवेलागणीच्या धास्तीने उठले. आईच्या डोळ्यावर पट्टी होती. तिने हाताने चाचपून विचारलं, "गेलीस का गं?" मी अजून खोलीतच होते. मी गेले असंच तिला वाटू दिलं, कारण निरोप घ्यायला थांबले असते तर निघणं झालं नसतं.

आत्ती मात्र सुटल्या. त्यांच्या पायाला भिंगरी लागली. गोकर्ण झालं, तुळजापूर झालं, लेकीकडे महिना महिना राहणं झालं. परत आल्या की माझ्यासाठी बांगड्या आणायच्या आणि डोळ्याला डोळा न देता हातात भरायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्यांना माझी दया येते.

नवरा वाईट नाही. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की ते खरंच असणार. धारवाडहून येताना गजरा आणायचा, मी गड्ड्यापाशी बसले की खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि ऑफिसातल्या साहेबाच्या कागाळ्या सांगायचा. त्या नोकरीचा त्याला वीट आलाय, असं तो रोज म्हणायचा. आणि म्हणायचा, "मला जमत असतं तर मी एका पायावर तयार होतो गं. पण हे बाईशिवाय कुणाला जुमानत नाही, त्याला मी काय करू?" त्या वाक्यावर मी वर्षं काढली. आपण अडकलोय, पण आपला माणूस आपल्या बाजूचा आहे, एवढा आधार मोठा असतो.

यंदा धाकट्या दिराचं लग्न ठरलं. त्याच सुमारास मळमड्डीच्या त्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांच्या गणिताच्या बाई निवृत्त होत होत्या. माझी अर्धी मुलाखत त्यांच्या लक्षात होती. म्हणाल्या, जूनपासून या, पण येणार असाल तरच होय म्हणा, कारण पुढच्या वर्षी मीही इथे नसेन. लग्न झाल्यावर कळवते, असं मी म्हणाले. ही शेवटची संधी, हे मला न सांगता कळलं.

आत्तींनी ते बोलणं ऐकलं असावं. दुपारी मी गड्ड्यावर हात ठेवून बसले होते, त्या शेजारी येऊन बसल्या. बराच वेळ कीस बोटांनी सारखा करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "कापड मीच काढलं होतं, बाई. तुझा हात मीच धरून ठेवला याच्यावर. माझ्या सासूनंबी माझ्या वेळेला तसंच केलेलं." त्यांनी मान वर केली नाही. "आता धाकट्याची बायको येईल. ताट तुझ्याच हातात असतंय. तूबी काढ की कापड, आणि सूट."

मला त्यांचा संताप आला. इतकी वर्षं बांगड्या भरत होती ही बाई. आणि त्याच दमात मोहही झाला. दोन्ही खरं आहे. ओरडावंसं वाटलं, पण तळवा उचलता येत नव्हता, आणि हात एका जागी ठेवून भांडण नीट होत नाही. त्या रात्री अन्न गोड लागलं नाही.

होणारी धाकटी जाऊ अळनावरकडची. तिथे एका औषधांच्या दुकानात काम करायची आणि लग्नानंतरही ते सोडणार नव्हती, तसं तिने आधीच सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. घर बघायला आली तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, इथून अळनावरला सकाळची पहिली बस कधी असते?" मी तिला वेळ सांगितली, बस कुठे थांबते तेही सांगितलं. तिने ते फोनमध्ये टिपून घेतलं. ती गेल्यावर मी ठरवलं की हिच्या बाबतीत ते होणार नाही. पण मग माझं काय, हा प्रश्न तिथेच होता.

त्याचं उत्तर शेजारच्या दुकानात मिळालं. तिथे सांगलीकडचा एक हळदीचा व्यापारी आहे, दांडग्या मिशांचा. त्याने काट्यासाठी आमच्याकडून जित्या लोखंडाचा आकडा नेला होता. तो तक्रार घेऊन आला की आकडा त्याच्या एकट्याच्याच हातावर झालाय, नोकरांना पोतं अडकवू देत नाही, मालक गल्ल्यावरून उठला की तिकडे वळतो. मी बघायला गेले. आकडा खरंच त्याच्याकडे तोंड करून होता. आणि व्यापारी काही बाई नव्हता. मी त्याचे हात बघितले. बोटांपासून मनगटापर्यंत पिवळे, नखांच्या कडा पिवळ्या, जन्मात न जाणाऱ्या.

घरी आले. सासरे जेवणानंतर गल्ल्यावर बसून डुलक्या घेत होते. मी गड्ड्याचा नखाएवढा कपचा घेतला, त्यांच्या करंगळीला ओली हळद लावली आणि कपचा शेजारी ठेवला. सरकत सरकत गेला आणि बोटाला जाऊन बिलगला. पुढचे चार-सहा दिवस तो त्यांच्या मागे होता, कधी चष्म्याच्या डबीत, कधी जानव्याच्या किल्लीला चिकटून, आणि सासरे देवाला दोष देत होते. मी हसले, खूप दिवसांनी. मग हसू जिरलं, कारण दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घरात हळद लागलेल्या नवरदेवाने दुकानात पाऊल टाकायचं नाही, अशीही रीत आहे. नजर लागते म्हणतात. सुनेचा हात मात्र हळदीत बुडवूनच आत आणायचा. ही रीत कुणी घालून दिली ते मला माहीत नाही, पण ज्याने घातली त्याला सगळं माहीत होतं.

मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला सांगायचं ते हळदीच्या दिवशीच, असं ठरवलं. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. तो इतकी वर्षं जे म्हणत होता ते आता त्याला करता येणार होतं. त्याला त्या साहेबाचा जाच सुटेल, वडिलांच्या दुकानात बसेल, मी सकाळच्या बसने मळमड्डीला जाईन. संध्याकाळी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसेन आणि वर्गातल्या कागाळ्या सांगेन. कामं करता करता मी मनातल्या मनात फळ्यावर खडूने लिहीत होते.

हळद वरच्या मजल्यावर लागली. दिराला माखून झाल्यावर सगळे एकमेकांवर तुटून पडले. नवऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. दिवेलागणीला मी त्याला म्हटलं, जरा खाली चला. तो हसत हसत आला. मी मागच्या खोलीतलं कापड बाजूला केलं, फरशीवर एक कपचा ठेवला आणि त्याला म्हटलं, बोट जवळ न्या. त्याने नेलं. कपचा त्याच्या बोटाकडे चालत गेला.

"बाईचा हात लागत नाही याला," मी म्हटलं, "हळदीचा लागतो. तळवा ठेवा. उद्या ती यायच्या आत."

त्याने कपच्याकडे पाहिलं, मग गड्ड्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. वर कुणीतरी ढोलकी वाजवत होतं. चेहऱ्यावरचं हसू गेलं नव्हतं, फक्त त्याचं आता काही काम नव्हतं.

"अगं, माझं ऑफिस आहे की धारवाडला."

"माझी शाळाही तिथंच आहे."

मागच्या दारापाशी मोरी आहे, तो तिकडे गेला आणि नळ सोडला. साबणाची वडी घेतली. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं. पिवळं पाणी वाहत होतं आणि तो पुन्हा पुन्हा साबण लावत होता. इतके स्वच्छ हात धुताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी गड्ड्यावर कापड ओढलं आणि चारी कोपऱ्यांना सुतळीच्या गाठी मारल्या, उद्या कुणाला सहज सोडता येणार नाहीत अशा. मग म्हटलं, "शाळेला नाही म्हणून कळवते."

"बघ, तुला पटेल तसं," तो म्हणाला.

नळ बंद केला. मोरीपाशी टॉवेल नव्हता. त्याने माझ्या पदराला हात पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट, आणि म्हणाला, "चल वर, फोटोला थांबलेत सगळे."